आतला ताप

यादी पेन्सिलीने लिहिलेली होती. ती दरवर्षी पेन्सिलीनेच लिहायची, ही मोठ्या बाईंचीच शिस्त. नावं नाहीत, नुसते हजेरीचे नंबर. कागद चुकून कुणाच्या हाती लागलाच तर त्याला काय डोंबल कळणार! दुसरीच्या बाईंनी तो चतकोर कागद मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर डस्टर ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. चार, नऊ, सतरा, बावीस, अठ्ठावीस. मोठ्या बाईंनी सवयीने नजर फिरवली, सवयीने ‘ठीक आहे’ म्हटलं, कोपऱ्यात बारीक सही करायला पेन्सिल उचलली आणि ती तशीच हातात राहिली. सतरा. दुसरीतला सतरा नंबर म्हणजे ठकी. ठकी म्हणजे त्यांच्या लेकीची लेक, सात वर्षांची. तिच्या दोन वेण्या आज सकाळी त्यांनीच घातल्या होत्या, आणि वेण्या घालताना तिने विचारलं होतं, “शाळेत तुला बाई म्हणायचं नि घरी आजी, मग रस्त्यात काय म्हणायचं?” त्या हसल्या होत्या. रिबिनीची गाठ अजून बोटांत होती. त्यांनी यादी पुन्हा वरून खाली वाचली. दुसऱ्यांदा वाचून सतराचे अठरा थोडेच होणार होते.

“हे काय गं?” त्यांनी विचारलं.

दुसरीच्या बाईंना नोकरीला लागून तीनच वर्षं झालेली. पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, “तुम्हीच म्हणालात ना, तळाचे पाच. मी दोनदा चाचणी घेतली, मोठ्या बाई. शप्पथ सांगते, दोनदा. तिला बाकी सगळं येतं. गोष्ट सांगते, नकला करते. पण वाचायला बसवलं की शब्द सोडते आणि चित्र बघून सांगते. धड्यात नदी असली आणि चित्रात विहीर असली, तर विहीरच वाचते.”

“आधी मला विचारायचंस.”

“काय विचारणार होते?” दुसरीच्या बाई म्हणाल्या आणि आपण उलट बोललो की काय, या धास्तीने कानापर्यंत लाल झाल्या.

आता ही यादी म्हणजे काय भानगड आहे, ते सरळ सांगून टाकलेलं बरं. वर्षातून एकदा वरच्या कार्यालयातून तपासणीस येत. प्रत्येक हजर मुलाने एक उतारा वाचून दाखवायचा, दहा गणितं सोडवायची, त्यावरून वर्गाची सरासरी निघायची आणि वर्गांच्या सरासरीवरून शाळेची श्रेणी. हजर मुलाने! सगळी गोम त्या एका शब्दात होती. आजारी मुलं धरायची नाहीत. मात्र शंभरात पंधराच्या वर आजारी असली तर चौकशी लागते. दुसरीचा पट चौतीस, म्हणून पाच. सहावं पोर आजारी पडलं की नसती आफत. तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना वर्गाच्या बाईंनी त्या पाचांना एकेक करून जवळ घ्यायचं, कपाळाला तळवा लावायचा, ‘अगंबाई, कणकण वाटतेय की तुला,’ म्हणायचं आणि दप्तरात घरच्यांसाठी चिठ्ठी घालायची: उद्या विश्रांती द्यावी. तरीही एखादं पोर सकाळी टुकटुकीत होऊन उभं राहिलंच, तर फाटकापाशी मोठ्या बाई थर्मामीटर घेऊन हजर. काखेत दोन मिनिटं, मग उजेडाकडे धरून, चष्मा वर करून, ‘एकशे एक. बघ, सांगत नव्हते?’ पोरांना थर्मामीटर कुठे वाचता येतो! आणि कुणी धीर करून म्हणालंच, ‘पण मला गरम नाही वाटत,’ तर मोठ्या बाई अगदी मायेने सांगत, ‘हा आतला ताप असतो, बाळा. तो वरून कळत नाही.’ त्यांच्या आवाजात खोट नसायची. त्या खोटं बोलत आहेत असं त्यांना स्वतःलाच वाटत नव्हतं, आणि हे कसं, ते पुढे येईलच.

अकरा वर्षं शाळा ‘अ’ श्रेणीत होती. व्हरांड्याच्या भिंतीवर सोनेरी कागदाचे अकरा खांब चिकटवलेले, प्रत्येक आधीच्यापेक्षा बोटभर उंच. त्यांच्या बाजूला शाळेच्या उपक्रमांचे फलक: रोजचा वाचन तास, गणिताची पेटी, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचा शनिवार, आणि सगळ्यांत प्रसिद्ध असलेला ‘मागे कुणीच नाही’ वर्ग. तो वर्ग पाण्याच्या टाकीमागच्या पडवीत भरायचा. दुसऱ्या शाळांचे मुख्याध्यापक तो बघायला येत, वहीत लिहून नेत, विचारत, ‘बाई, तुम्ही हे साधता कसं?’ आणि मोठ्या बाई म्हणत, ‘एकेका मुलाकडे लक्ष द्यावं लागतं हो.’ ते खरंच होतं. एकेका मुलाकडे त्यांच्याइतकं बारीक लक्ष कुणाचंच नव्हतं.

त्यांनी यादीवर सही केली नाही. चार घड्या घालून ती पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, “बाकीच्या चौघांना चिठ्ठ्या दे. हिचं मी बघते.” मग त्यांनी उरलेली दुपार नेहमीसारखीच घालवली, म्हणजे घालवल्यासारखं केलं. पताका कुठे लावायच्या ते शिपायाला दाखवलं. चौथीच्या फळ्यावरचा सुविचार पुसून नवा लिहायला लावला. संडासात फिनेल टाकून घेतलं. पण सगळा वेळ उजवा तळवा चुरचुरत होता, खडूने त्वचा कोरडी पडते तसा. त्यांनी दोनदा साबणाने हात धुतले. अकरा वर्षं, दरवर्षी तीन वर्गांची मिळून पंधरा तरी पोरं. किती कपाळं झाली, याचा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता, आणि आता नको तेव्हा तो आपोआप व्हायला लागला. घामट कपाळं, तेलकट कपाळं, एक तर खरूज झालेलं होतं, तिथेही त्यांनी हात लावला होता, नाक न मुरडता. त्याची त्यांना त्या दिवशी थोडी शाबासकीच वाटली होती स्वतःची.

घरी जाताना ठकीचा हात त्यांच्या हातात होता. रस्त्यात काय म्हणायचं हे ठरलं नसल्यामुळे ठकी त्यांना काहीच म्हणत नव्हती, नुसती बोलत होती. उद्या पाहुणे येणार, आमच्या वर्गाचं गाणं आहे, मी पहिल्या रांगेत आहे, कारण मी बुटकी आहे, बुटकं असलं की बरं असतं. चपलांच्या दुकानाशी मोठ्या बाई थांबल्या. दुकानाच्या काचेत त्या दोघी दिसत होत्या, एक जाडी आणि एक काटकुळी. त्यांचा हात वर गेला, आणि आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत तळवा ठकीच्या कपाळावर होता.

“कणकण वाटतेय का गं तुला?”

“नाही.”

“नीट बघ. वरून नाही, आतून.”

ठकीने डोळे मिटले. ती शोधायला लागली. हरवलेली पेन्सिल दप्तरात शोधतात तशी ती आपल्या आत शोधायला लागली, आणि मोठ्या बाईंनी तळवा झटकन काढून घेतला, कारण हा चेहरा त्यांनी आधी पाहिला होता. हुबेहूब हाच, मिटलेल्या पापण्या आणि किंचित उघडं तोंड. “थोडीशी आहे,” ठकी म्हणाली. तिला आजीला नाराज करायचं नव्हतं. त्या घरातल्या सगळ्याच बायका अशा, कुणी प्रेमाने विचारलं की हवं ते शोधून देणाऱ्या.

चोवीस वर्षं झाली त्या पहिल्या चेहऱ्याला. तेव्हा त्या मोठ्या बाई नव्हत्या, नुसत्या चौथीच्या बाई होत्या, आणि त्यांची लेक त्यांच्याच वर्गात होती. शाळेत आईला बाई म्हणायचं, हे त्या पोरीने इतकं मनावर घेतलं होतं, की झोपेत दचकून उठली तरी ‘बाई’ म्हणून हाक मारायची. अभ्यासात मात्र ढ. ढ म्हणजे अगदी ढ नव्हे. घरी सगळं यायचं, वर्गात उभं केलं की वाचा बसायची. आईसमोर बसायची की बाईंसमोर, हे कुणी विचारलं नाही. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना दुसऱ्या बाया मुद्दाम म्हणायच्या, ‘तुमच्याच पोटचीला तुम्ही शिकवू शकत नाही, मग लोकांच्या पोरांचं काय हो?’ आणि हसायच्या. ते हसणं चोवीस वर्षांनीही त्यांच्या कानात जसंच्या तसं होतं. बशीत सांडलेला चहासुद्धा त्यांना आठवत होता. त्या वर्षीच्या तपासणीच्या सकाळी लेक गणवेश घालून, वेण्या घालून, बूट हातात घेऊन दारात बसली होती, ओठ पांढरे पडलेले. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख काहीतरी झालं. कपाटातून थर्मामीटर काढला, तिच्या काखेत घातला, काढला, वाचला. नेहमीइतकाच होता. ‘तुला ताप आहे,’ त्या म्हणाल्या. ‘नाहीये, आई.’ ‘आतून आहे. नीट बघ.’ आणि लेकीने डोळे मिटले होते.

ती दिवसभर झोपून राहिली. उशाशी दूध-बिस्किटं ठेवलेली, त्यांना हात लावला नाही. इकडे वर्गाची सरासरी वाढली, तपासणिसांनी सगळ्यांसमोर नाव घेऊन कौतुक केलं, चहाच्या बशा हसायच्या थांबल्या. संध्याकाळी त्या घरी आल्या तर पोर तापाने फणफणलेली. खरोखरच्या तापाने. थर्मामीटर लावला, एकशे एक. दुसरी कुठलीही आई घाबरली असती. त्यांनी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, डॉक्टरांना बोलावलं, सगळं यथासांग केलं, पण पट्टी पिळताना त्यांच्या मनात जे पसरत होतं ते भय नव्हतं, तो सुटकेचा निःश्वास होता. म्हणजे आपण खोटं बोललोच नव्हतो. ताप होताच, आत होता, आपल्याला तेवढा आधी कळला. इतका आनंद त्यांना लग्नानंतर कधी झाला नव्हता. तो त्यांनी कुणाला सांगितला नाही, पण सोडलाही नाही, आणि तेरा वर्षांनी मुख्याध्यापक झाल्यावर तोच काढून सगळ्या शाळेला वाटला. लेकीला मात्र त्यानंतर प्रत्येक परीक्षेच्या दिवशी ताप यायचा. दहावीला दोनदा आला. लग्न मोडलं तेव्हाही ती चार दिवस तापात होती, आणि त्यातून उठली ती ठकीला घेऊन आईकडेच आली.

त्या संध्याकाळी लेक चष्म्याच्या दुकानातून कामावरून आली आणि ठकीच्या गणवेशाला इस्त्री करत बसली. दुकानात तिचं काम सोपं होतं. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगायची. चुकलं तर काच बदलायची. चूक म्हणायचं नाही. ठकी पलंगावर आडवी पडून छताकडे बघत होती.

“अशी का गं पडलीस भर संध्याकाळची?” लेकीने विचारलं.

“मला आतून ताप आहे,” ठकी म्हणाली. “थोडासा. उद्या वाढेल.”

इस्त्री तशीच कॉलरवर राहिली. कापड करपल्याचा वास आला तेव्हा लेकीने ती उचलली, बाजूला ठेवली, बटण बंद केलं. मग स्वयंपाकघरात आली. मोठ्या बाई पोळपाटापाशी होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

“आई.”

“हं.”

“चौथीत मला ताप आला होता बघ. तपासणीच्या दिवशी.”

“त्याचं काय आता?”

“सकाळी होता का?”

“होता म्हणून तर झोपवलं. एकशे एक होता, तुझा तुलाच आठवत असेल.”

“संध्याकाळी होता एकशे एक. मी सकाळचं विचारते आहे. तू काढलास, बघितलास आणि बघून मग थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस. इतकी वर्षं मला ते बघणं आठवतंय. मला वाटायचं, तू घाबरली होतीस.” लेकीचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. “घाबरली नव्हतीस, ना?”

मोठ्या बाईंनी पोळी उलटवली. उत्तर द्यायला जागा होती. ‘चुकलं माझं,’ एवढे दोन शब्द तोंडात आलेही होते. पण ते दोन बोलले की मागे बाकीची सगळी पोरं रांग लावून उभी राहणार, हे त्यांना दिसलं, आणि त्यांनी तोंड मिटलं.

“बरं, ऐक,” लेक म्हणाली. “उद्या ठकी शाळेत जाणार. तिला येत नसेल तर येत नाही म्हणून परत येईल, मरणार नाही. पण तिच्या कपाळाला तू हात लावलास, तर परवा आम्ही दोघी इथे नसू. खोली बघून ठेवली आहे मी, दुकानाच्या वरचीच. आणि मग तिला भेटायला यायचं नाही, सांगून ठेवते. आजारी पडली तरी नाही.”

“अगं, पण मला सगळ्या शाळेचं बघावं लागतं.”

“बघ की. दुसऱ्यांच्या पोरांचं तुझं तू बघ. माझ्या पोरीला नाही.”

हे ती बोलून गेली. आपण काय बोललो ते लेकीला कळलं असावं, कारण तिने दाराच्या चौकटीवर उगाचच नखाने रंग खरवडला. पण शब्द मागे घेतला नाही. मोठ्या बाईंना मात्र त्या वाक्याने वाट दिसली. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले, पर्समधून यादी काढली आणि ठकीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसल्या. सतरा पुसला. पुसला तरी कागदावर त्याचा वळ राहिला, म्हणून नखाने सपाट केला. आता तिथे कोण? नुसता वगळून चालणार नव्हतं. ठकी हजर झाली की सरासरी घसरणार, मग तळाचं आणखी एक तरी पोर घटवायलाच हवं. त्यांनी दुसरीचा वर्ग डोळ्यांसमोर आणला, बाकांबाकांवरून. दहा नंबरचा बाप वकील. वीस नंबरची आई रोज फाटकात उभी असते. तिसाव्याचा मामा वर्तमानपत्रात. आणि शेवटी, दारालगतच्या बाकावर, चौतीस. सहामाहीनंतर आलेली पोर, पटावरचा शेवटचा आकडा. एका बुटाला नाडी, दुसऱ्याला सुतळी. बाप लांब कुठेतरी कामावर, आई अंथरुणाला खिळलेली. शाळेत भांडायला येईल असं तिचं माणूस नव्हतं. मोठ्या बाईंनी चौतीस लिहिले. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. मग दुसरीच्या बाईंना फोन लावला.

“सतरा खोड. चौतीस कर.”

“बाई, चौतीसला अलीकडे बरंच यायला लागलंय हो. हळू वाचते, पण समोर असेल तेच वाचते. मी तिला रोज थांबवून घेते. उद्यासाठी तिने उतारा पाठ, म्हणजे पाठ नव्हे, अगदी नीट...”

“अलीकडेच आली आहे. अजून रुळली नाही.”

“पण शाळा तर सुटली. तिला चिठ्ठी नाही दिलेली. ती येणार, बाई.”

“येऊ दे. फाटकात मी आहे.”

त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली, हेही सांगायला हवं.

सकाळी फाटक उघडायच्या आधीच चौतीस नंबर तिथे उभी होती. केस ओले, भांग चापून पाडलेला. गणवेश धुऊन वाळला नव्हता पुरता, खांद्यांवर दमट काळपट डाग होते. सुतळी काढून तिने दोन्ही बुटांना पांढऱ्या नाड्या ओवल्या होत्या, फाडलेल्या चिंधीच्या असाव्यात, पण सारख्या. तिला बघून मोठ्या बाईंना तिचा राग आला. बाकीचे चार कसे शहाण्यासारखे घरी राहिले. इतकं सजून यायची काय गरज होती हिला?

“ये इकडे,” त्या म्हणाल्या आणि तळवा लावला. कपाळ गार होतं, माठासारखं. “कणकण वाटतेय की तुला.”

“नाही, बाई. गार पाण्याने केस धुतले, म्हणून असेल.”

“तेच तर. बाधलं असणार.” त्यांनी प्रथमोपचाराच्या पेटीतून थर्मामीटर काढला, झटकला, तिच्या काखेत घातला. “दोन मिनिटं. हलायचं नाही.”

पोर हलली नाही. नुसते ओठ हलत होते. घाबरून काहीतरी पुटपुटत असेल, मोठ्या बाईंना वाटलं. मुलं बाजूने आत जात होती, इस्त्रीचे कपडे, पावडरीचे चेहरे, आणि जाताना प्रत्येक जण तिच्याकडे बघून घेत होता. काखेत काचेची कांडी घेऊन फाटकाशी उभं राहणं म्हणजे काय, हे शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. दुसरीच्या बाई लांब वर्गाच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या नाहीत. आणि तेवढ्यात रस्ता ओलांडून लेक आली, ठकीचा हात धरून. ती थांबली. तिने ती पोर बघितली, तिचं दाबून धरलेलं कोपर बघितलं, मग आईकडे बघितलं. सगळं तिला एका नजरेत कळलं; तिला नाही कळणार तर कुणाला! मोठ्या बाई फाटकाचा गज धरून उभ्या राहिल्या. आता ही बोलणार. सगळ्यांदेखत बोलणार. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यातला कुठलासा एक कोपरा म्हणत होता, बोल गं, बोल, एकदाचं बोलून टाक.

लेकीने वाकून ठकीची कॉलर सारखी केली. कालचा करपलेला डाग आत दुमडला.

“उशीर होतोय,” ती ठकीला म्हणाली, “जा आत.” आणि पाठ फिरवून दुकानाच्या दिशेने चालू लागली, जरा जास्तच भरभर.

“एकशेवीस,” चौतीस नंबर म्हणाली आणि तिने आपणच थर्मामीटर काढला. मोठ्या बाईंनी हात पुढे करायच्या आत तिने तो डोळ्यांसमोर आडवा धरला, चिमटीत हळूहळू फिरवला, पाऱ्याची रेघ उजेडात चमकेपर्यंत, आणि थांबली. असा फिरवायला सवय लागते. “अठ्ठ्याण्णव आणि पुढे दोन रेघा,” ती म्हणाली. “ताप नाहीये, बाई.”

मोठ्या बाईंनी विचारलं, “हे कुणी शिकवलं तुला?”

“कुणी नाही. दवाखान्यातल्या ताईने एकदा दाखवलं होतं. आईचा मीच बघते ना रोज. एकशेवीस मोजायचे आणि काढायचा. शंभरच्या वर गेला तर पांढरी गोळी, खाली असला तर नुसतं पाणी.” आणि मग, आपल्याला सोडायला हरकत नाही अशा खात्रीने तिने दप्तर खांद्यावर घेतलं. “जाऊ मी वर्गात?”

कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला. शिपाई धावत आला, “बाई, साहेब आले.” व्हरांड्यात दुसरीची मुलं गाण्यासाठी रांगेत उभी राहत होती, पहिल्या रांगेत ठकी, टाचा उंचावून आजीला शोधणारी. मोठ्या बाईंनी त्या पोरीच्या हातातला थर्मामीटर बघितला. अठ्ठ्याण्णव आणि दोन रेघा. इतकं अचूक वाचणारं पोर दुसरीत काय, चौथीतही नव्हतं त्यांच्याकडे. हे त्यांना स्वच्छ कळलं. शिक्षक म्हणून पस्तीस वर्षं झाली होती, हे न कळायला काय झालं? आणि कळल्यावर राग आणखीच वाढला, कारण आता तिला ढ म्हणण्याचीही सोय राहिली नव्हती.

“नीट वाच,” त्या म्हणाल्या.

पोरीने पुन्हा बघितलं. “अठ्ठ्याण्णव...”

“तुला नीट वाचता येत नाही, म्हणून तर बाई तुला रोज थांबवून घेतात. परत बघ. एकशे एक आहे.”

ती बघत राहिली. थर्मामीटरकडे, मग बाईंच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा थर्मामीटरकडे. तिने तो फिरवला, रेघ हरवली, पुन्हा आणली. डोळे बारीक केले. गणवेशाला हात पुसला आणि काच पुसली. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

“एकशे एक,” ती म्हणाली.

“मोठ्याने.”

“एकशे एक, बाई.”

“शाब्बास!” मोठ्या बाई म्हणाल्या. “आता सरळ घरी जायचं आणि झोपायचं.”

पोर निघाली. चार पावलं गेली आणि परत वळली. तिच्या तोंडावर रडू नव्हतं, काहीतरी आकडेमोड चालली होती.

“बाई,” तिने विचारलं, “मग आईचा पण मी चुकीचा वाचला असेल का? काल मी नव्व्याण्णव वाचला. गोळी नाही दिली.”

साहेब फाटकाजवळ आले होते. “असेल,” मोठ्या बाई म्हणाल्या. “जा बरं आता, पळ.” ती पोर पळत सुटली. त्यांनी थर्मामीटर झटकून पेटीत ठेवला, पदर सारखा केला आणि फाटकाचं दुसरं दारही उघडलं.